मुलूख कोणाचा आणि मरण कोणाचे?

हल्ली आमच्या गावच्या पारावर संध्याकाळी चार माणसे जमली म्हणजे पाऊसपाण्याच्या आधी लढाईच्या गोष्टी निघतात. एकाच्या हातात मोबाईल असतो, बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावतात. अमक्या राष्ट्राने तमक्याचा इतका मुलूख घेतला, आता तो पुढे सरकणार, ह्याने त्याला असे चिरडले पाहिजे, अशी चर्चा रात्रीपर्यंत चालते. आमचे एक सुतारबंधू आहेत. हात मोठा गुणी, पण ह्या गोष्टी निघाल्या की रंधा खाली ठेवून नकाशे वाटावयास बसतात. ज्याच्या नावावर सातबाऱ्यात दीड एकर कोरडवाहू जमीन आहे, तीही सोसायटीकडे गहाण, तो शेतकरी दुसऱ्याच्या देशाचे जिल्हेच्या जिल्हे बोटाने इकडून तिकडे सारतो. आम्हांस त्याचे प्रथम हसू येते आणि मग हसू ओसरते. कारण हा माणूस ज्या जमिनीवर बसून बोलत असतो, त्या जमिनीवर अशाच लढाया पाचशे वर्षे झाल्या, आणि त्याच्या पणजोबाच्या पणजोबाला त्यावेळी कोणी विचारले नव्हते.

ह्या विषयावर लिहिण्याचे निमित्त मात्र पार नव्हे, आमची शाळा. गेल्या हिवाळ्यात चौथी-पाचवीची मुले घेऊन आम्ही थाळनेरास सहलीला गेलो होतो. शिरपूर तालुक्यातले हे गाव तापीच्या उत्तर काठी आहे. किल्ल्याचे आता ढिगारेच उरले आहेत. खाली नदी, वर ढासळलेले तट, आणि गावाजवळ फारुकी राजांच्या दगडी कबरी. आम्ही मास्तरी थाटात मुलांस सांगितले की येथे अमुक राजा आला, मग तमुक सुलतान आला, मग मोगल, मग मराठे, मग इंग्रज. सन सांगितले, विजय सांगितले, पराभव सांगितले. मुले वहीत लिहून घेत होती. त्यांतली एक मुलगी, बाप मजुरीवर जातो, पोर मोठी चौकस, तिने पेन्सिल थांबवून विचारले, "गुरुजी, मंग गाववाला कथा गयात?" म्हणजे गावातली माणसे कोठे गेली?

आम्ही अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढली, पाठ काढणे शिकलो, फळ्यावर सुवाच्य लिहिणे शिकलो, वीस वर्षे इतिहास शिकविला. ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस कोणी शिकविले नव्हते. आम्हीही कधी विचारले नव्हते. घरी येऊन जी पुस्तके हाताशी होती ती पुन्हा काढली आणि ह्या वेळी राजांची नावे सोडून गाववाल्यांस शोधू लागलो. जे सापडले ते आमच्या शेतकरी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवतो.

थाळनेरची हकीकत १३७० पासून धरू. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकी नावाच्या सरदारास थाळनेर आणि करवंद हे परगणे दिले. दिल्लीत बसलेल्या माणसाने तापीकाठची जमीन, तिच्यावरच्या गावांसकट, माणसांसकट, एका कागदाने दुसऱ्यास दिली. मलिक राजा १३९९ मध्ये वारला. मरताना त्याच्या दोन मुलांत मुलूख वाटला गेला. थोरल्या नसीरखानाकडे धुळ्याजवळचा लळिंग, धाकट्याकडे थाळनेर. पुढे काय झाले असेल हे, शेतकरी बंधूंनो, तुम्हांस सांगावयास हवे काय? १४१७ मध्ये थोरल्याने माळव्याच्या सुलतानाची फौज बोलावून आणली आणि धाकट्याचे थाळनेर घेतले. तेवढ्याने पोट भरेना, म्हणून गुजराथच्या सुलतानाच्या सुलतानपूर परगण्यावर हात टाकला. मग गुजराथची फौज आली आणि ह्या शूर वीरास शरण जावे लागले. पुढे बहामनी राज्याशी कुरापत काढून वऱ्हाडावर चालून गेला. बहामनी सेना त्याच्या पाठीवर बसली, तिने बऱ्हाणपूर लुटले, आणि लळिंगच्या आसऱ्यास आलेला नसीरखान तेथेच हरून १४३७ मध्ये मेला.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेस गुजराथ, उत्तरेस माळवा, दक्षिणेस बहामनी, आणि मध्ये तापीचे काळे रान. ज्याला शेजाऱ्यावर जावयाचे असेल त्याची वाट खानदेशातून. चांगली जमीन असणे हा त्या काळी गुन्हाच होता म्हणावयाचा. जेथे ज्वारी पिकते तेथेच फौजा मुक्कामाला येतात. डोंगरातल्या खडकावर कोण येतो?

पुढे १६०१ च्या आरंभी असीरगड पडला आणि अकबर बादशहाने खानदेश घेतला. आपल्या दानियाल नावाच्या मुलाच्या नावावरून त्याने सबंध प्रांतास दानदेश असे नाव दिले. ह्या नावाला शेतात राबणाऱ्या कोणाची संमती घेतली होती असे कोठे लिहिलेले नाही. नाव टिकले नाही, वसुली टिकली.

आता एक गोष्ट लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो, तरी लिहितोच. चौथीच्या वर्गात आम्ही शिवछत्रपतींचा इतिहास शिकवितो आणि अभिमानाने शिकवितो. रयतेच्या भाजीच्या काडीसही हात लावू नका, अशा अर्थाची ताकीद त्यांनी चिपळुणाकडील आपल्या छावणीस दिली होती. असे पत्र लिहिणारा राजा त्या काळात दुसरा दाखवावा. पण आमचा खानदेश त्यावेळी मोगलाईत होता, आणि शत्रूचा मुलूख म्हणून धरणगाव, चोपडा ह्या भरलेल्या पेठा १६७९ मध्ये लुटल्या गेल्या, हेही खरे आहे. धरणगावच्या साळ्याने आणि चोपड्याच्या तेल्याने त्या दिवशी काय म्हटले असेल? ज्याच्या घराला झळ लागते त्याला राजा आपल्या रक्ताचा की परका हे मागाहून सुचते. ज्याने रयतेची एवढी काळजी वाहिली त्याच्याही लढाईत रयत सुटली नाही, तर इतरांच्या लढाईत तिची काय गत झाली असेल, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

मग पेशवे आणि निजाम. ह्या दोन शेजाऱ्यांचे वैर मुलुखाचेच. १७५२ मध्ये भालकीला तह झाला आणि खानदेश-बागलाण निजामाकडून मराठ्यांकडे आले. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर असीरगड, बऱ्हाणपूर, दौलताबाद अशी ठाणी पेशव्यांनी मिळविली. १७९५ मध्ये खर्ड्यास पुन्हा लढाई. बखरींत हत्ती मोजले आहेत, तोफा मोजल्या आहेत, खिलतीची वस्त्रे मोजली आहेत. लिहिणारे दरबारच्या ताटावरचे. त्यांनी दरबार लिहिला. गावच्या दप्तरात कुळकर्ण्याने बाकी लिहिली. कुणब्याचे किती बैल धरून नेले ह्याचा जमाखर्च कोणाच्याच वहीत नाही.

फौज म्हणजे काय, हे आपण सिनेमात पाहतो तसे नसे. लढणारा एक, तर त्याच्या मागे बाजारबुणगे कितीतरी. घोड्यांना दाणा पाहिजे, बैलांना वैरण पाहिजे, राहुट्यांस मेखा पाहिजेत, आणि हे सारे वाटेवरच्या गावातून निघावयाचे. उभ्या ज्वारीत घोडी सोडली की एका रात्रीत शिवार साफ. वैरण गेली की बैल गेला, बैल गेला की पुढची पेरणी गेली. लोहाराला नाल ठोकायला वेठीस धरून न्यायचे, चांभाराने खोगिरे शिवायची, कुंभाराने मडकी द्यायची, महाराने ओझी वाहायची. कोणास दाम मिळाला तर त्याचे नशीब. आणि कुणब्याचे खळे रिकामे झाले की त्या वर्षी बलुते कोठून येणार? म्हणून लढाईत फक्त शेतकरी मरतो असे समजू नये. त्याच्या मागोमाग बाराही बलुतेदार बसतात.

ह्या साऱ्याचा कळस झाला तो १८०२ ते १८०४ ह्या वर्षांत. शिंदे आणि होळकर, दोघेही मराठेशाहीचेच खांब, एकमेकांच्या जिवावर उठले. यशवंतराव होळकरांच्या फौजा १८०२ मध्ये खानदेश तुडवीत गेल्या. त्याच साली दिवाळीच्या दिवसांत पुण्याजवळ हडपसरास मराठ्यांनी मराठ्यांस कापले आणि पेशवा इंग्रजांच्या कुशीत जाऊन बसला. पुढच्या साली इंग्रज आणि शिंदे-भोसले ह्यांची लढाई जुंपली. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, आणि ऑक्टोबरात बऱ्हाणपूर व असीरगड इंग्रजांनी घेतले. आधीच लुटलेल्या ह्या मुलुखावर त्याच सुमारास दुष्काळ आला. पाऊस न पडणे हे कोणाच्या हाती नाही, कबूल. पण पेवात धान्य असते तर एक वर्ष निघते. पेवे फौजांनी आधीच उपसली होती.

त्या १८०३ साली आजचे आपले धुळे, जिल्ह्याचे ठिकाण, संपूर्ण ओस पडले होते. अर्धे किंवा पाऊण नव्हे, सगळे. ज्या गल्ल्यांतून आज रिक्षा पुढे सरकत नाही तेथे दिवा लावायला माणूस नव्हता. पुढच्या साली विंचूरकरांच्या पदरचा बाळाजी बळवंत नावाचा कारभारी होता, त्याने लोक जमवून गाव पुन्हा वसविले. इंग्रजी अंमल आल्यावर १८१९ मध्ये धुळ्याची वस्ती मोजली ती सुमारे अडीच हजार भरली. ब्रिग्ज नावाच्या साहेबाने येथे कचेरी ठेवली, बऱ्हाणपूर वगैरे ठिकाणांहून व्यापारी आणि कारागीर बोलावून बसविले. आज धुळ्यात ज्यांची चार-पाच पिढ्यांची दुकाने आहेत त्यांतले कितीतरी असे कोठून कोठून उठून आलेले. मूळचे गाववाले कोठे गेले, हे त्या मुलीने विचारले तसेच येथेही विचारता येईल.

आपल्याकडे ओसाड गावाला बेचिराख म्हणतात. राखेचा ह्या शब्दाशी संबंध नाही. मूळ शब्द बे-चिराग, म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते गाव. महसुलाच्या भाषेतला हा शब्द आहे. ज्या गावाकडून सारा येत नाही त्याच्यापुढे हा शेरा मारावयाचा आणि पान उलटावयाचे. एल्फिन्स्टन साहेबाने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाचा अहवाल लिहिला, त्यात खानदेशच्या बऱ्याच भागात दाट रान माजले आहे, त्यात वाघ फिरतात आणि जागोजाग पडक्या गावांच्या भिंती दिसतात, असे वर्णन आहे. साहेबाला आपले राज्य चांगले ठरवावयाचे होते, म्हणून आधीचे वाईट थोडे जास्तच रंगविले असेल असा संशय घेण्यास जागा आहे. पण पडक्या भिंती त्याने घरून आणल्या नव्हत्या.

आता थाळनेरकडे पुन्हा वळू, कारण जी गोष्ट मुलांना सांगताना आम्ही दोन वाक्यांत आटोपली, ती सगळ्यांत विचार करण्यासारखी आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी माळव्यात महिदपूरला होळकरांचा इंग्रजांनी पराभव केला. गादीवर मल्हारराव नावाचे अल्पवयीन पोर. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरला तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा सगळा मुलूख इंग्रजांस लिहून दिला. मंदसोर कोठे आणि थाळनेर कोठे! जानेवारीत इकडे हरभरा घाट्यावर असतो. तापीकाठचा कुणबी रात्री राखणीला बसला असेल, आणि तिकडे त्याचे गाव, त्याची विहीर आणि तो स्वतः एका सहीने दुसऱ्याचे झाले.

हिस्लॉप नावाचा सेनापती सेंधव्याच्या घाटाने खाली उतरला आणि २७ फेब्रुवारीस थाळनेरपुढे आला. किल्लेदार तुळशीराम मामा. किल्ल्यात शिबंदी सुमारे तीनशे, पुष्कळसे पगारी अरब. इंग्रजांनी कळविले की तहाने किल्ला आमचा झाला, लढाल तर बंडखोर समजू. किल्ल्यातून गोळी सुटली. तोफांनी दरवाजे फोडून इंग्रज आत शिरले, किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला, पण आतल्या दरवाजाशी झटापट होऊन मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर हे दोन अंमलदार मारले गेले. आतल्यांची भाषा बाहेरच्यांस कळली नाही, त्यातून हे घडले असेही म्हणतात. मग शिबंदी कापून काढली आणि स्वाधीन झालेल्या किल्लेदारास फाशी दिले. ह्या फाशीबद्दल १८१९ मध्ये विलायतच्या पार्लमेंटात देखील प्रश्न निघाले, सेनापतीचे आभार मानावे की न मानावे ह्यावर खल झाला.

ज्या धन्याचे मीठ खाल्ले त्याचा किल्ला राखला, तर हा मनुष्य बंडखोर! आणि ज्यांनी दुसऱ्याच्या घरात शिरून तोफा डागल्या ते कायद्याचे! कागद ज्याच्या हातात, कायदा त्याचा. दोन गोऱ्या अंमलदारांची नावे दोनशे वर्षे पुस्तकांत राहिली. किल्लेदाराचेही राहिले. त्या तीनशे पोटार्थी शिपायांपैकी एकाचेही नाव आम्हांस सापडले नाही, आणि तटाखालच्या थाळनेर गावातले त्या दिवशी कोण कोण दगावले, हा प्रश्न मनात आल्याची खूण आम्ही वाचलेल्या पुस्तकांत कोठे दिसली नाही. तीच गत त्याच उन्हाळ्यात मालेगावची. नारोशंकरांनी बांधलेल्या त्या किल्ल्याला मे-जूनमध्ये महिनाभर वेढा होता. इंग्रजांनी आपले पडलेले लोक नीट मोजून ठेवले आहेत.

आणखी एक गोष्ट ओघात सांगावीशी वाटते. आमच्या डोंगरातले भिल्ल बंधू हे गावोगावचे जागले होते, पिकाची आणि शिवाराची राखण त्यांच्याकडे. गावे ओस पडली, राखणीचे दाणे बंद झाले, ते डोंगरात गेले आणि उपाशी पोटांनी खाली उतरून लुटू लागले. लगेच सरकारी दप्तरात त्यांची जातच्या जात चोर ठरली. १८२५ मध्ये औटरॅमने धरणगावास भिल्ल पलटण उभारली, म्हणजे ज्यांची राखण मोडली त्यांनाच पुन्हा पगारी राखणदार केले. लढाईने लावलेला हा डाग त्या समाजाच्या कपाळावरून पुसायला आणखी किती पिढ्या लागल्या हे आम्ही गावात डोळ्यांनी पाहतो.

कोणी म्हणेल, मास्तर, ह्या जुन्या गोष्टी झाल्या, आताची लढाई दूर असते, आपल्या शिवारात घोडी येत नाहीत. खरे आहे, घोडी येत नाहीत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसांत युद्ध झाले तेव्हाही आली नव्हती. तिकडचा कापूस बंद झाला म्हणून विलायतच्या गिरण्या आमच्या कपाशीकडे वळल्या, भाव कधी नव्हे इतके चढले, जळगावची पेठ ह्याच वर्षांत फुगली. कुणब्याच्या घरात रुपया खुळखुळला. सावकाराने पत वाढविली, लग्ने थाटाची झाली. १८६५ मध्ये तिकडे लढाई थांबली, इकडे भाव कोसळला. रुपया गेला आणि खत राहिले. सात समुद्रांपलीकडे दोघे भांडून थांबले आणि जमीन गेली ती आमची.

आणि अगदी कालपरवाचे पाहा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने शेजारच्या युक्रेनवर फौजा घातल्या. त्याआधी २०१४ मध्ये क्रिमिया घेतलाच होता. एके काळी हा प्रांत आमचा होता, तेथे आमची भाषा चालते, म्हणून तो आम्हांस पाहिजे, हेच ते जुने बोलणे. आपल्याकडे काय झाले ते घरातल्या बाईमाणसांस विचारा. सूर्यफुलाचे तेल त्या दोन देशांतून येत असे, त्याचा डबा हा हा म्हणता चढला. खतांचे भाव चढले, आणि पेरणीच्या तोंडाला युरिया-डीएपीसाठी दुकानापुढे रांगा लागल्या. गव्हाला जरा बरा दर येतो असे दिसताच १३ मे २०२२ रोजी निर्यात बंद झाली. म्हणजे महागाई आमच्या वाट्याला आली, तेजी आली नाही. डॉक्टरकी शिकायला गेलेली आपली हजारो मुले तळघरांतून जीव घेऊन परत आली. त्यांतल्या कितीकांच्या बापांनी शेत विकून फी भरली असेल. आणि तिकडची कहाणी तर ह्याहून भयंकर. तीही काळी जमीन, तेही गहू पिकविणारे कुणबी. त्यांच्या शेतांत सुरुंग पेरले गेले आहेत, नांगर घालावा तर पाय उडतो. पारावर बोट फिरवून मुलूख वाटणाऱ्यांनी तो नांगर क्षणभर आपल्या हाती आहे असे समजावे.

आमच्या लिहिण्याचा विपर्यास होऊ नये. घरात शिरलेल्या चोराला काठी घालावी लागते. आमच्या गावची चार मुले फौजेत आहेत, त्यांतली दोन आमच्या हाताखाली बाराखडी शिकली. सीमेवर बर्फात उभे राहणाऱ्या त्या पोरांविषयी आमच्या मनात आदरच आहे, आणि त्यांच्या आया रात्री कशा झोपतात हे आम्ही जाणतो. राखणे वेगळे आणि दुसऱ्याचे हिसकावणे वेगळे. पण हिसकावणारा प्रत्येक राजा आपण राखतोच आहोत असे सांगत असतो, आणि पारावरचा माणूस त्याला माना डोलवतो. येथेच सावध राहावयास पाहिजे.

ही माना डोलविण्याची खोड आपल्याला का लागते, ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला, आणि उत्तर आपल्याच घरात सापडले. सांगताना शरम वाटते. आमचे वडील आणि चुलते ह्यांच्या शेतांत एक बांध आहे. दरसाल नांगरताना इकडून एक तास, तिकडून एक तास, असा तो बांध कोरला जाई. बांध इतका बारीक झाला की त्यावरून शेळी चालेना. मग एके वर्षी कुऱ्हाडी निघाल्या. डोकी फुटली नाहीत हे ग्रामदैवताचे उपकार. मग मोजणी, मग फेरमोजणी, मग कोर्ट. अकरा वर्षे तारखा पडल्या. वादातली जमीन भरली दोन नांगरांच्या रुंदीची, आणि तिच्यासाठी वडिलांनी बैलजोडी विकली, चुलत्यांनी चिंचेचे झाड विकले. त्या जमिनीत जेवढी ज्वारी शंभर वर्षांत पिकली नसती तेवढी वकिलाच्या घरी गेली. आमची आजी दोन्ही घरांची आजी. ती कोणाच्या ओट्यावर बसू हे न कळून मधल्या कडुनिंबाखाली बसत असे.

नसीरखानाने थाळनेरवर फौज आणली आणि आमच्या वडिलांनी चुलत्यावर मोजणीदार आणला, ह्यात फरक असेल तर तोफांचा आहे. बांध कोरणाऱ्याला मुलूख कोरणारा आपलासा वाटतो. म्हणून सुलतानांस, पेशव्यांस आणि साहेबांस नावे ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

पण ह्याच खानदेशात शेजाऱ्याने शेजाऱ्याशी वागण्याची दुसरीही तऱ्हा होती, आणि ती कोण्या राजाने शिकविली नव्हती. पांझरेच्या काठी साक्री-धुळे भागात जुने फडबंधारे आहेत. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली गावच्या जमिनीचे फड. एका फडात एक पीक, पुढच्या साली फेरपालट. पाणी कोणी आपल्या हाताने घ्यावयाचे नाही. पाटकरी देईल तेव्हा आणि देईल तेवढे. पाणी कमी झाले तर तूट सगळ्यांनी वाटून घ्यावयाची. पाट सालोसाल उपसावयाचा तो सगळ्यांनी मिळून. वरचा बंधारा आणि खालचा बंधारा ह्यांच्यातही पाळ्या असत. तंटे होत नसत असे कोण म्हणेल? पाण्यावरून माणसे भांडणारच. पण तंटा झाला की पंच बसत, दंड होई, आणि पाणी पुढे वाहू लागे. त्या लढायांच्या काळात कितीतरी बंधारे फुटून पडले, कारण उपसायला गावात माणूसच उरला नाही. पुढे धरणे झाली, विहिरी झाल्या, मोटारी बसल्या, कित्येक फड मोडले. काही बंधारे मात्र अजून उभे आहेत. राजांनी बांधलेला थाळनेरचा तट ढासळला आणि कुणब्यांनी उपसलेला पाट काही ठिकाणी अजून वाहतो, हे पाहून आम्हांस आमच्या लोकांचा जरा अभिमान वाटला, तर वाचकांनी तो क्षमा करावा.

येत्या हिवाळ्याची सहल आम्ही पांझरेवर नेणार आहोत. मुख्याध्यापकांस विचारले, त्यांची ना नाही. आणि वैशाखात चुलतभावाला बरोबर घेऊन त्या बांधावर दोन्ही घरांच्या साक्षीने दगड पुरावयाचे ठरले आहे. तो कबूल झाला आहे. आमची धाकटी वहिनी अजून कुरकुर करते.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. आम्ही शाळेत एक कोरी वही ठेवली आहे आणि तिच्या पहिल्या पानावर तिचाच प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिला आहे. आपल्या जिल्ह्यात शिवारांची नावे अशी कितीतरी आहेत की नाव गावाचे आणि आज तेथे नुसते शेत. कोठे मारुतीचे एकटे देऊळ, कोठे पांढरीची माती, कोठे नांगराला लागणारी खापरे आणि जात्याची तळी. त्यांतली काही दुष्काळाने उठली असतील, काही पटकीने, प्लेगाने, काही नदीच्या पुराने. काही फौजांनी उठविली असतील. आपले घराणे कोठून उठून आले, का आले, कोणत्या देवाला परत जाऊन नारळ फोडतात, हे म्हाताऱ्या माणसांस अजून ठाऊक असते. ज्या बंधूंस अशी हकीकत माहीत असेल त्यांनी ती ह्या पत्राच्या पत्त्यावर आमच्यासाठी कळवावी. अक्षर वाईट असले, अहिराणीत लिहिले तरी चालेल. आतापर्यंत वहीत सात गावे लिहिली गेली आहेत. त्यांतले एक आमच्याच शिवारात आहे, आणि तेथे आम्ही चाळीस वर्षे गुरे चारली, हरभरा खाल्ला, पण तो ढिगारा कशाचा हे कोणास विचारले नव्हते.